ॲक्शन फिगरचे परीक्षण लिहिताना नेमके काय तपासावे?

काचेचं_कपाट

नमस्कार. ॲनिमेटेड मालिका आणि व्हिडिओ गेम यांतील पात्रांच्या ॲक्शन फिगर्स (सांधे वळवता येणाऱ्या छोट्या प्रतिकृती) मी बऱ्याच वर्षांपासून जमवतो आहे आणि अलीकडे त्यांची परीक्षणे मराठीत लिहू लागलो आहे. माझ्याकडे बहुतांश सहा इंची, म्हणजे ढोबळमानाने १/१२ प्रमाणातल्या फिगर्स आहेत. बांदाईच्या एस. एच. फिगुआर्ट्समधली ड्रॅगन बॉलची पात्रे, मॅक्स फॅक्टरीच्या फिग्मा आणि थोड्या अमेरिकी कंपन्यांच्या. इंग्रजी व्हिडिओंमध्ये रूढ असलेला क्रम मीही पाळतो. आधी खोका, मग आतले सुटे हात आणि चेहरे, मग रंगकाम, त्यानंतर प्रत्येक सांधा कुठवर वळतो याची जंत्री आणि शेवटी दहापैकी गुण.

हे वाचणाऱ्या एका स्नेह्याने परवा सरळच विचारले, की यातले निम्मे खोक्यावर छापलेले असते आणि उरलेले छायाचित्रांत दिसते, मग मजकूर कशासाठी वाचायचा? प्रश्न रास्त वाटला म्हणून इथे मांडतो. मूळ पात्र कागदावर रेखाटलेले किंवा संगणकावर घडवलेले असताना फिगर ‘हुबेहूब’ आहे असे आपण कशाच्या आधारे म्हणतो? परीक्षण खोका उघडल्याच्या दिवशी लिहावे की काही काळ थांबून? आणि किमतीबद्दल काय लिहावे, कारण जपानमधल्या येनमधल्या किमतीचा आणि आपल्या खिशातून जाणाऱ्या रकमेचा संबंध फारच सैल असतो. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सांधेदुखी

दहापैकी गुण देणे आधी बंद करा, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. ‘साडेआठ’ या आकड्यावरून वाचकाला काहीच कळत नाही, उलट तो मजकूर सोडून थेट आकड्याकडे जातो.

सांध्यांच्या जंत्रीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. कोपर दुहेरी आहे, गुडघा दुहेरी आहे, मान दोन ठिकाणी वळते ही माहिती सुटी लिहून उपयोगाची नाही. प्रत्येक पात्राच्या दोन-तीन ठरलेल्या मुद्रा असतात आणि ते पात्र पडद्यावर जे करते ते फिगरला जमते का, एवढेच मी पाहतो. ड्रॅगन बॉलमधल्या गोकूचे उदाहरण घ्या. कामेहामेहा हा ऊर्जेचा झोत सोडण्यापूर्वी तो दोन्ही मनगटे जोडून कमरेच्या एका बाजूला मागे नेतो. ही मुद्रा दिसायला सोपी आहे, पण त्यासाठी एक हात छातीवरून आडवा जावा लागतो, म्हणजे खांदा नुसता वरखाली फिरून भागत नाही, तो छातीच्या आत सरकावा लागतो. या आत सरकणाऱ्या सांध्याला संग्राहक ‘बटरफ्लाय जॉइंट’ म्हणतात. तो नसेल किंवा छातीच्या स्नायूंचा साचा त्याला आडवा येत असेल, तर कोपर कितीही वाकले तरी तळवे एकमेकांना भेटत नाहीत आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर फट राहते. परीक्षणात त्या फटीचे छायाचित्र आणि दोन वाक्ये हवीत. स्ट्रीट फायटरमधल्या र्‍यूच्या हादोकेनला हीच कसोटी लागते, शिवाय पाय रुंद फाकवून, पुढचा गुडघा वाकवून तळपाय सपाट टेकतात का, हेही तिथे पाहावे लागते.

गेममधल्या पात्रांची अडचण आणखी वेगळी आहे आणि तिच्याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. गेममध्ये पात्राने हात वर केला की खांद्यावरचे चिलखत बहुधा गळ्यात किंवा गालात घुसते. पडद्यावर ते क्षणभरच दिसते, एक आकृती दुसऱ्या आकृतीतून आरपार गेली तरी खेळ थांबत नाही, म्हणून रचनाकारही ते चालवून घेतात. प्लॅस्टिक मात्र प्लॅस्टिकमधून आरपार जाऊ शकत नाही. हेलोमधला मास्टर चीफ, मेट्रॉइडमधली गोलाकार खांद्यांची सॅमस, फायनल फँटसी सातमधला एका खांद्यावर लोखंडी पट्टा मिरवणारा क्लाउड, या सगळ्यांच्या बाबतीत खेळणे बनवणाऱ्याला तीनांपैकी एक मार्ग घ्यावा लागतो. एक तर चिलखत वेगळ्या बिजागरीवर बसवायचे, म्हणजे हात उचलताना ते बाजूला होते पण कायम किंचित लोंबते. किंवा ते मऊ पीव्हीसीचे करायचे, म्हणजे दाबले की वाकते पण कडा बोथट दिसतात. नाहीतर हालचालीवर सरळ पाणी सोडायचे. कंपनीने यातला कोणता मार्ग घेतला आणि तो त्या पात्राला मानवला का, हे खोक्यावर कधीच छापलेले नसते. तुमच्या स्नेह्याला हेच उत्तर द्या.

क्लाउडची फिगर हाती आली तर तलवार आधी तपासा. त्याची बस्टर तलवार जवळपास त्याच्याएवढी उंच आहे. ती एका हातात आडवी धरायला लावायची आणि फिगर तशीच रात्रभर ठेवायची. सकाळी तलवारीचे टोक खाली आलेले असेल, तर मनगटाची खुंटी वजनाला पुरत नाही. खोका उघडल्या दिवशी काढलेल्या छायाचित्रात हा दोष दिसणे शक्य नाही.

जाता जाता एक सूचना. नवी फिगर उघडल्यावर एखादा सांधा घट्ट बसलेला आढळला, तर तो पिळू नका. बरेचदा रंग सांध्याच्या फटीत वाळून चिकटलेला असतो. गरम पाण्यात मिनिटभर धरून मग हळूहळू हलवावा, म्हणजे सुटतो. शिलाई मशीनचे तेल मात्र घालू नये, खनिज तेलाने काही प्लॅस्टिकना ताणाच्या जागी बारीक तडे जातात. सिलिकॉन तेल चालते.

अर्धी_फळी

सांधेदुखी यांच्याशी सहमत आहे, पण त्यांनी ‘हुबेहूब’ हा प्रश्न वगळला आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत रंजक आहे.

रेखाटलेले पात्र त्रिमितीय असतेच असे नाही. तेझुका ओसामू यांच्या ॲस्ट्रो बॉयच्या डोक्यावरची केसांची दोन टोके आठवा. तो समोर पाहो, बाजूला पाहो वा पाठ करो, ती दोन्ही टोके आपल्याला दिसतातच, एक दुसऱ्याआड लपत नाही. मिकी माउसचे कानही कोणत्याही बाजूने पाहिले तरी गोलच असतात. खऱ्या जगात असे डोके असू शकत नाही. मूर्तिकाराला ती टोके एका जागी पक्की करावीच लागतात आणि तसे करताच फिगर काही कोनांतून बरोबर, तर काही कोनांतून परकी दिसू लागते. म्हणून परीक्षकाने चेहऱ्याची किमान तीन छायाचित्रे द्यावीत: समोरून, तीन-चतुर्थांश कोनातून आणि अगदी बाजूने. माझ्या अनुभवात बहुतेक जपानी फिगर्स तीन-चतुर्थांश कोनासाठी घडवलेल्या असतात, कारण मालिकांत पात्रे बहुतेक वेळ त्याच कोनात दिसतात. समोरून पाहिल्यावर नाक नाहीसे होते आणि बाजूने हनुवटी टोचेल इतकी अणकुचीदार वाटते. याला दोष म्हणायचे की शैली, हे परीक्षकाने ठरवून लिहावे, त्यावर मौन बाळगू नये.

सावल्यांचा मुद्दाही यातलाच. काही फिगर्सवर सेल ॲनिमेशनसारखी, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या कार्टूनसारखी सपाट गडद छटा आणि काळ्या कडा रंगवलेल्या असतात. छायाचित्रांत हे विलक्षण दिसते. पण रंगवलेली सावली एकाच दिशेच्या प्रकाशासाठी असते, त्यामुळे उंचावलेल्या हाताच्या खालची छटा हात खाली घेतल्यावर भलत्याच जागी येते आणि खोलीतला दिवा दुसऱ्या बाजूला असेल तर फिगरवर दोन सावल्या दिसतात. कपाटात एकाच मुद्रेत उभी ठेवणाऱ्याला हे चालेल, रोज मुद्रा बदलणाऱ्याला खटकेल. वाचक या दोघांपैकी कोण आहे ते परीक्षकाला ठाऊक नसते, म्हणून दोघांसाठी लिहावे.

शैली आणि उभे राहणे यांचे भांडण पाहायचे असेल तर १९९२ साली सुरू झालेल्या बॅटमॅनच्या ॲनिमेटेड मालिकेवरच्या फिगर्स पाहाव्यात. ब्रूस टिम यांच्या रेखाटनात छाती दरवाजाएवढी रुंद आणि घोटे बोटाएवढे बारीक असतात. डीसी कलेक्टिबल्सने पुढे त्या रेखाटनाशी प्रामाणिक राहून सहा इंची फिगर्स काढल्या, त्या दिसतातही देखण्या, पण एवढे धड एवढ्या पावलांवर तोलणार कसे? सोबत स्टँड दिला होता तो शोभेसाठी नव्हता. माझ्या मते हा योग्य निर्णय होता, पाय जाड केले असते तर तो बॅटमॅन राहिला नसता. दुसऱ्या कुणाला उलट वाटू शकते.

आणखी एक गोष्ट परीक्षणांत अभावानेच येते. एखाद्या मालिकेच्या फिगर्सचा संच आला की त्यात कोण नाही, हेही नोंदवावे. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’च्या मॅटेलने काढलेल्या मूळ संचात कटारा नव्हती. मालिका जिच्या निवेदनाने सुरू होते, जी पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत नायक आंगच्या सोबत आहे, तीच गायब. मुलांच्या खेळण्यांत मुलीचे पात्र खपत नाही ही त्या व्यवसायातली जुनी समजूत आहे. मात्र १९८२ साली जी. आय. जो या सैनिकी खेळण्यांच्या नव्या छोट्या फिगर्सचा पहिला संच आला तेव्हा त्यात स्कार्लेट ही स्त्री सैनिक होती, हेही विसरू नये. आंगची फिगर कितीही उत्तम असली तरी कपाटातली अर्धी फळी रिकामी राहणार असेल, तर घेणाऱ्याला ते आधी कळलेले बरे. (माझे नाव त्यावरूनच आहे.)

निळी_घोरपड

बनावट मालाबद्दलही लिहावे. ड्रॅगन बॉलच्या जपानी खोक्यांवर मालिका काढणाऱ्या तोएई कंपनीचा चकाकणारा स्टिकर असतो, पण नक्कल करणारे स्टिकरचीही नक्कल करतात, त्यामुळे त्यावर विसंबू नये. डोळे पाहावेत. अस्सल फिगरचे डोळे टॅम्पो पद्धतीने, म्हणजे मऊ ठशाने छापलेले असतात, भिंगाखाली त्यांची कड धारदार दिसते. बनावटीत बुबुळ पांढऱ्या भागावर ओघळलेले किंवा दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना पाहणारे सापडते. शिवाय त्वचेला नको तितकी चकाकी असते आणि बदलायचे हात खुंटीवर बसतच नाहीत.

काचेचं_कपाट

सर्वांचे आभार. मुद्रेची कसोटी आणि चेहऱ्याचे तीन कोन दोन्ही पटले. काळाच्या मुद्द्यावर अजून कुणी लिहिलेले नाही. रात्रभर तलवार धरून ठेवणे ठीक आहे, पण प्लॅस्टिकचे खरे गुणदोष कळायला वर्षे जातात. तोवर थांबायचे म्हटले तर फिगर बाजारातून नाहीशी होईल आणि परीक्षणाचा कुणालाच उपयोग राहणार नाही. यावर काही तोडगा आहे का?

मांडवीतीर

तोडगा असा, की परीक्षण लगेच लिहावे आणि एक पावसाळा उलटल्यावर त्याच लेखाखाली पुरवणी जोडावी. कोकण-गोव्याच्या हवेत राहणाऱ्याला दुसरा पर्याय नाही. जपानी किंवा अमेरिकी परीक्षकाच्या घरातली हवा आपल्याकडच्यासारखी नसते, त्यामुळे त्याच्याकडे दहा वर्षे टिकलेली फिगर आपल्याकडेही तशीच टिकेल असे समजू नये.

पुरवणीत काय पाहायचे ते सांगतो. मऊ पीव्हीसीमध्ये लवचीकपणासाठी प्लॅस्टिसायझर मिसळलेले असते आणि उष्णतेत, विशेषतः बंद जागेत, ते हळूहळू पृष्ठभागावर येते. मग केप, केस, पट्टे अशा मऊ भागांना हात लावला की चिकट लागते आणि त्यावर धूळ बसून काळपट थर होतो. कोमट पाणी आणि सौम्य साबण यांनी धुतल्यास तो जातो, पण पुन्हा येऊ शकतो. म्हणून कपाट हवाबंद नसावे, हवा खेळती राहील इतकी फट ठेवावी. दुसरे म्हणजे घोटे. एका पायावर झुकवून ठेवलेली फिगर मे महिन्याच्या उकाड्यात वजनाने कलते, कारण सांधा नव्हे तर नडगीचे मऊ प्लॅस्टिकच वाकते. गरम पाण्यात धरून सरळ करावे आणि लगेच थंड पाण्यात बुडवावे, म्हणजे आकार बसतो. तिसरे, गडद रंगाच्या मऊ प्लॅस्टिकखाली फिकट रंगाचा भाग दाबलेला असेल तर रंग उतरून डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही. काळा पट्टा आणि पांढरी विजार, अशी जोडी दिसली की तिथे आधी पाहावे.

खोका न उघडता ठेवला म्हणजे माल सुरक्षित, अशी एक श्रद्धा आपल्या छंदात आहे. ट्रान्सफॉर्मर्सच्या संग्राहकांना ती महागात पडलेली आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे वापरात असलेले, सोनेरी चकाकीचे कण मिसळलेले एक प्लॅस्टिक काळाबरोबर इतके ठिसूळ होते, की खेळणे पहिल्यांदा वळवतानाच खुंटीपाशी फुटते. संग्राहक त्याला ‘गोल्ड प्लॅस्टिक सिंड्रोम’ म्हणतात. खोका उघडलेला असो वा सीलबंद, दोष घडणीतच असल्याने काही फरक पडत नाही.

उलट दुरुस्तीचा विचार करून घडवलेली खेळणी पाहायची असतील तर जी. आय. जो पाहावेत. एमआरएफने हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीच्या साथीने काढलेल्या आणि गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूलने ते आपल्याकडे आणले. आज त्या भारतीय फिगर्सना परदेशात मागणी आहे, कारण अमेरिकी साच्यांतूनच निघाल्या असूनही कित्येकांचे रंग तिकडच्यापेक्षा अगदी निराळे आहेत. त्या फिगरच्या पाठीत एक स्क्रू असतो. तो काढला की छातीचे दोन भाग सुटतात आणि आत काळ्या रबराची एक गोल रिंग दिसते. एका बाजूने ती छातीतल्या खोबणीत आणि दुसऱ्या बाजूने दोन्ही पायांना जोडणाऱ्या धातूच्या आकड्यात अडकवलेली असते. सगळे कंबरडे त्या एका रबरावर! ते वाळून तुटले की फिगरचे दोन तुकडे हातात येतात, पण नवी रिंग घातली की पुन्हा पहिल्यासारखी उभी राहते. आजच्या किती महागड्या फिगर्स अशा उघडता येतात? सांधा तुटल्यास पुढे काय, म्हणजे खुंटी ओढून काढता येते की अवयव कायमचा चिकटवलेला आहे, ही नोंद प्रत्येक परीक्षणात असावी असे मला फार वाटते.

‘हुबेहूब’बद्दलही थोडे लिहितो. अर्धी_फळी यांनी मालिका मूळ आणि फिगर तिची प्रतिकृती असे धरले आहे, पण ते नेहमीच तसे नसते. हे-मॅनची खेळणी मॅटेलने १९८२ साली काढली आणि फिल्मेशनची मालिका त्यानंतर, १९८३ साली आली. आपण दूरदर्शनवर पाहिलेला हे-मॅन हाच मुळात खेळण्यावरून काढलेला होता आणि ॲनिमेशनच्या सोयीसाठी त्याचे तपशील कमी केलेले होते. साधारण १४ सेंटिमीटरचे ते मूळ खेळणे एका साच्यातून अनेक पात्रे काढण्याच्या हिशेबाने घडवलेले, त्यामुळे प्रिन्स ॲडम आणि हे-मॅन यांचे शरीर एकच. २०२० साली मॅटेलने ‘ओरिजिन्स’ नावाने जुन्या रूपातल्या, पण आधुनिक सांध्यांच्या फिगर्स आणल्या आणि नंतर त्याच सांध्यांवर मालिकेच्या रूपातल्याही काढल्या. दोन्ही अस्सल आहेत आणि दोन्हींतला स्केलेटर वेगळा दिसतो. इथे परीक्षकाने पहिल्याच परिच्छेदात सांगायला हवे, की आपण तुलना कशाशी करतो आहोत. नाहीतर प्रतिसादांत नुसती हाणामारी होते, आणि ती मी पुष्कळ पाहिली आहे.

अर्धी_फळी

हे-मॅनचा मुद्दा मान्य आहे. गेमच्या बाबतीत हा गुंता वाढतो, कारण तेच पात्र खोक्यावरच्या चित्रात वेगळे, खेळताना वेगळे आणि मधल्या चित्रफितींत तिसरेच दिसते. १९९७च्या मूळ गेममधला ठोकळेबाज हातांचा क्लाउड आणि पुढच्या आवृत्तीतला क्लाउड यांच्यात तर फक्त केस आणि तलवार समान आहेत. तुलना कशाशी, हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊच नये.

पार्सलची_वाट

किमतीबद्दल कुणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहितो.

येन किंवा डॉलरमधली छापील किंमत देऊन थांबू नये. भारतात खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. त्यावर इतर कर लागतात आणि परदेशातून येणाऱ्या पार्सलवर शुल्क आकारताना पाठवणीचा खर्चही किमतीत धरला जातो. परदेशातला मामेभाऊ ‘भेट’ म्हणून पाठवील, ही पळवाटही डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. तेव्हापासून राख्या आणि जीवरक्षक औषधे सोडून अशा भेटींना करमाफी नाही. म्हणून परीक्षणात वस्तूची किंमत, पाठवणी आणि भरलेले शुल्क हे तीन आकडे वेगवेगळे द्यावेत आणि खरेदीचा महिना लिहावा. एकच गोळाबेरीज दिली तर वर्षभराने वाचणाऱ्याला तिच्यातून काहीच कळत नाही.

१ जानेवारी २०२१पासून लागू झालेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १४ वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. फिगुआर्ट्सच्या खोक्यावर १५ वर्षे आणि पुढे असे छापलेले असते, त्यामुळे हा नियम आपल्याला लागू नाही असे अनेकजण छातीठोकपणे सांगतात. पार्सल तपासणाऱ्या अधिकाऱ्याला खोक्यावर रंगीत केसांचा मुलगा दिसतो, वयाची सूचना नंतर दिसते. माझे एक पार्सल याच कारणावरून बराच काळ अडकून पडले होते. तेव्हा मागवताना पावतीवर वस्तूचे वर्णन नेमके असावे, वयाची सूचना खोक्यावर कुठे आहे त्याचे छायाचित्र हाताशी ठेवावे, आणि ‘सहज येते’ असे परीक्षणात लिहू नये.

घ्यावी की नाही, याबद्दल लिहिताना पुनर्उत्पादनाकडेही पाहावे. जपानी फिगर्सची नोंदणी बाजारात येण्याच्या कित्येक महिने आधी होते, ती संपली की दुय्यम बाजारात भाव चढतो आणि कंपनीने पुन्हा काढायचे जाहीर केले की तोच भाव खाली येतो. लोकप्रिय फिग्मा अशा पुन्हा निघालेल्या आहेत. जे पात्र अजून गाजते आहे त्याच्या फिगरसाठी दुप्पट भाव देण्यापेक्षा थांबावे, आणि जिची मालिका संपून लोक विसरले आहेत तिची मात्र दिसेल तेव्हा घ्यावी.